सरकार कुठं पाहिजे, कुठं नको

(विधानसभेच्या निवडणुकीआधी, सप्टेंबर २००९ मध्ये, गिरड भागातल्या टोल्यांची आणि पोडांची बैठक झाली. त्यात आपल्या संघटनेच्या एका तरुण कार्यकर्तीनं केलेलं हे भाषण. जसं बोलली तसंच ठेवलं आहे. ज्या गावांना येता आलं नाही त्यांनी हे गावात बसून वाचून दाखवावं.)



आजी, काका, मावशी, दादा, वहिनी, आणि मागं झाडाखाली उभे असलेले सगळे पोट्टे, तुम्ही पण जरा पुढं या.

मला भाषणाची सवय नाही. मी बारावी शिकले. पुढं शिकायचं होतं, ते राहिलं. कागद वाचता येतात म्हणून संघटनेनं दाव्यांचे कागद माझ्याकडं दिले, आणि कागद माझ्याकडं आहेत म्हणून आज बोलायचंही माझ्याच गळ्यात आलं.

आपण गिरडला बसलो आहोत. वर टेकडीवर शेख फरीद बाबाचा दर्गा. टेकडीवरचे ते गोल गोल गोटे आपण लहानपणी वेचून खेळलो. बाबाची टिंगल करणाऱ्या व्यापाऱ्यांचा सगळा माल दगड झाला, तेच हे गोटे, अशी गोष्ट आजीनं प्रत्येकाला सांगितली असेल. आता पुढच्या पंधरा-वीस दिवसांत आपल्याकडं जीपगाड्या भरभरून माल येणार आहे. मतदानानंतर त्या मालाचं काय होते ते तुम्हाला ठाऊक आहे.

मतदान १३ ऑक्टोबरला आहे, मंगळवारी. दिवाळीच्या चार दिवस आधी. सोयाबीन कापणीवर असेल. एक दिवसाची मजुरी बुडवून आपण रांगेत उभे राहणार. मग ते मत कशाला टाकायचं, हे आधी बोलून घेऊ.

मागच्या आठवड्यात आमच्या टोल्यावर काय झालं ते सांगते. सकाळी एका उमेदवाराची माणसं आली. म्हणाली, समाजमंदिर बांधून देतो. संध्याकाळी दुसऱ्याची आली. त्यांनी सांगितलं, आमच्या भाऊले निवडून द्या, महिन्याभरात सगळ्या जबरान जोतवाल्यांच्या हातात पट्टा देतो. रात्री आम्ही बसलो तर भांडण झालं. काही म्हणाले, समाजमंदिर तरी दिसते डोळ्याला, ते घ्या. काही म्हणाले, पट्टा देते त्याला मत. आणि चार-पाच जण, त्यात माझा चुलतभाऊ पण होता, ते म्हणाले की कोणालाच नाही, या टायमाला गावानं बहिष्कार टाकायचा, पेटी रिकामी पाठवायची.

या सगळ्या कल्ल्यात आमच्या शेजारची बुढी मला म्हणते, "पोरी, तुम्ही सारे सरकार सरकार करून राहिले. सरकार म्हंजे कोन व? मले तर नाकेदारच दिसला जलमभर."

मला उत्तर देता आलं नाही. रात्रभर तेच डोक्यात होतं. आज जे बोलणार ते तिच्या प्रश्नाचं उत्तर समजा.

माझ्या आजानं चार सरकारं पाहिली. तो जन्मला तेव्हा इंग्रजांचा मध्य प्रांत आणि वऱ्हाड होता, गावात मालगुजार होता, आणि जंगलात जायचं तर मालगुजाराकडं वेठ करावी लागे. १९५१ मध्ये मालगुजारी गेली. तेव्हा आपण मध्य प्रदेशात होतो, राजधानी नागपूरला. १९५६ मध्ये आपण मुंबई राज्यात गेलो. १ मे १९६० ला महाराष्ट्र झाला. आजा एकाच झोपडीत बसून होता, राज्य त्याच्या डोक्यावरून बदलत गेलं. तो म्हणायचा, "झेंडा बदलला, टोपी बदलली, कुऱ्हाड हिसकणारा हात तोच राह्यला." जंगलाचा मोठा कायदा अजूनही १९२७ चाच आहे, इंग्रजांचा.

मालगुजारी गेली तेव्हा एक गोष्ट चांगली झाली होती, ती आपल्याला कोणी सांगितली नाही. गावागावाचं निस्तार पत्रक तयार झालं. कोणत्या गावानं कोणत्या जंगलातून सरपण, वळणाची लाकडं, गवत, काटे आणायचे, गुरं कुठं चारायची, ते त्यात लिहिलेलं आहे. म्हणजे आपण आजही ज्याच्यासाठी चोरासारखे लपत जातो, ते सरकारच्याच दप्तरात आपल्या नावानं लिहून ठेवलेलं आहे. ते एक सरकार, आणि रस्त्यात मोळी हिसकते ते दुसरं सरकार. दोघांवर शिक्का एकच.

आता माझ्या घरची गोष्ट. १९७२ चा दुष्काळ पडला तेव्हा आजानं नाल्याकाठची पडीत जमीन फोडली. दोन एकर असेल. पहिल्या वर्षी ज्वारी पेरली. पुढं १९७८ मध्ये राज्य सरकारनं ठरवलं की ३१ मार्च १९७८ पर्यंतची जबरान जोत नियमित करायची. आजाची जोत त्याच्या सहा वर्षं आधीची. पण ना गावात दवंडी पडली, ना कोणी अर्ज लिहून दिला. मग १९८० मध्ये दिल्लीचा वन संवर्धन कायदा आला आणि दार बंद. त्यानंतर बाबावर तीन वेळा केस झाली. दर वेळी दंड, दर वेळी पावती. एकदा तर उभ्या तुरीत गुरं घातली. ते कोणी केलं त्याचं नाव मी घेत नाही, तो माणूस आता नाही.

माझी आई त्या तीन पावत्या टिनाच्या पेटीत, लुगड्याच्या घडीत ठेवायची. बाबा चिडायचे, हे चोरीचे कागद कायले सांभाळतं, जाळून टाक. आई म्हणायची, सरकारचा कागद हाय, जाळू नये. एका पावतीला उधई लागली, दोन राहिल्या. मागच्या वर्षी मी वनहक्काचा दावा भरायला बसले. नियम १३ वाचला, पुरावे कोणते चालतात ते पाहिलं, आणि मला हसावं का रडावं कळेना. दंडाची पावतीसुद्धा पुरावा आहे! तुम्ही तिथं जमीन कसत होते, हे खुद्द सरकारच लिहून देऊन बसलं आहे, तारखेसह. ज्या कागदानं बाबाला चोर ठरवलं, त्याच कागदावर त्याचा हक्क उभा आहे.

दावा अजून मंजूर नाही. म्हणून ही गोष्ट जिंकल्याची म्हणून सांगत नाही. पण त्या दिवशी मला बुढीच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर सापडलं. सरकार एक नाही. एक हात मारते, एक हात लिहून ठेवते, आणि तिसरा कायदा करते. आपण मत टाकतो तेव्हा यातला कोणता हात हलतो, ते पाहावं लागते.

आता पट्ट्याचं बघू, कारण यंदा सगळ्यात जास्त खोटं त्याच्यावरच बोललं जाऊन राहिलं.

पट्टा कोण देते? पहिली पायरी ग्रामसभा. ती आपली वनहक्क समिती निवडते, १० ते १५ जणांची. त्यात तिसरा हिस्सा आदिवासी पाहिजे, तिसरा हिस्सा बाया पाहिजे. समिती जागेवर जाऊन पाहते, नकाशा काढते, आणि ग्रामसभा ठराव करते. त्या ग्रामसभेला दोन-तृतीयांश माणसं हजर लागतात. दुसरी पायरी उपविभागीय समिती, एसडीओ साहेबांची. तिसरी जिल्हा समिती, कलेक्टर साहेबांची. तिथं शेवटचा निर्णय. या दोन्ही समित्यांत आमदाराला खुर्ची नाही! मी कायदा चार वेळा वाचला. आमदार नाही, खासदार नाही. मग महिन्याभरात पट्टा कुठून देणार भाऊ?

खुर्ची कोणाला आहे ते ऐका. वरच्या समितीत जिल्हा परिषदेचे तीन सदस्य आणि खालच्या समितीत पंचायत समितीचे तीन. दोन्ही ठिकाणी तिघांपैकी निदान दोन आदिवासी आणि एक बाई पाहिजे. त्यांना जिल्हा परिषद नेमते. २००७ मध्ये आपण जिल्हा परिषदेचं मत टाकलं तेव्हा कोणाच्या मनात तरी हे होतं का? माझ्या नव्हतं. तेव्हा कायदा पास झाला होता, पण आपल्यापर्यंत आला नव्हता. मी पहिल्यांदाच मत टाकलं, आणि सांगायला लाज वाटते, ज्याची गाडी आली त्याला टाकलं.

म्हणजे जमिनीच्या दाव्याला ग्रामसभा आणि जिल्हा परिषद जवळची, आमदार दूरचा. पण दूरचा म्हणून फुकाचा नाही. आमदार दुसरं काम करू शकते, आणि ते त्याला करायला लावलं पाहिजे. डिसेंबरात नागपूरला अधिवेशन भरते. तिथं उभं राहून तो विचारू शकते की वर्धा जिल्ह्यात किती दावे आले, किती नाकारले, काहून नाकारले, नाकारल्याचं लेखी कारण दावेदाराला दिलं का. एक प्रश्न लागला तर खालच्या दहा टेबलांवरच्या फायली हलतात. आदिवासी उपयोजनेचा पैसा कुठं गेला ते तो विचारू शकते. आदिवासीची जमीन परत द्यायचा १९७४ चा राज्याचा कायदा आहे, तो वर्ध्यालाही लागू आहे. त्याच्या केसेस का पडून आहेत, ते विचारू शकते. हे काम मागा. पट्टा मागाल तर तो हो म्हणेल, कारण जे आपल्या हातात नाही ते द्यायला त्याचं काय जाते?

आता दिल्लीचं. ३ मे २००२ ला दिल्लीहून सगळ्या राज्यांना पत्र निघालं, जंगलातली अतिक्रमणं ३० सप्टेंबरपर्यंत काढा. तेव्हा वाजपेयींचं सरकार होतं. त्या वर्षी देशभरात लोकांच्या झोपड्या पडल्या, पिकं तुडवली गेली. मग २००४ च्या फेब्रुवारीत, लोकसभेची निवडणूक दोन-तीन महिन्यांवर असताना, त्याच सरकारच्या त्याच मंत्रालयानं आदेश काढला की आदिवासींच्या जमिनी त्यांच्या नावानं करून देऊ. तोही सुप्रीम कोर्टात अडकला, त्याच महिन्यात. निवडणुकीच्या तोंडावर घाईनं काढलेला कागद कोर्टात कसा टिकणार?

नंतर सरकार बदललं. मनमोहनसिंगांच्या सरकारनं कायद्याचं वचन दिलं होतं. पण ते आपसूक झालं नाही. देशातल्या जंगलवाल्या लोकांनी दिल्लीत धरणे धरले, डाव्या पक्षांनी आतून रेटलं, तेव्हा डिसेंबर २००६ मध्ये कायदा पास झाला. आणि पास करून एक वर्ष नुसता ठेवला. नियम आले १ जानेवारी २००८ ला. म्हणून मी कोणत्याच पक्षाची आरती करायला उभी नाही. पण मतानं काहीच होत नाही, असंही मी म्हणणार नाही. २००२ चं पत्र आणि २००६ चा कायदा यांच्या मध्ये देशानं एक मत टाकलेलं आहे. नुसत्या मतानं कायदा आला नसता, आणि नुसत्या धरण्यानंही आला नसता.

माझा चुलतभाऊ म्हणते, आपल्याला सरकार पाहिजेच कशाला? जंगल आपलं, गाव आपलं, सरकारनं आपल्याला एकटं सोडावं. ऐकायला छान वाटते. मी पण असं म्हणायची. दोन वर्षांपूर्वी माझ्या मावसबहिणीला रात्री कळा सुरू झाल्या. पाऊस होता, पांदण रस्त्यावर गुडघाभर चिखल. बैलगाडी काढली. जिथं नर्सबाई असायला पाहिजे होती तिथं कुलूप. तिथून पुढं जाईपर्यंत पहाट झाली. बहीण वाचली, लेकरू नाही वाचलं. त्या रात्री आम्हाला सरकार नको होतं का? त्या रात्री तर सरकार पाहिजे होतं आणि तेच नव्हतं.

बघा, उलटं होऊन राहिलं आपल्याकडं. जिथं पाहिजे तिथं सरकार नाही आणि जिथं नको तिथं दहा पायांनी आहे. दवाखान्यात नाही, शाळेत मास्तराच्या रूपानं आठवड्यातून तीन दिवस आहे. राशनच्या दुकानात आहे, पण महिना संपता संपता. अंत्योदयच्या पिवळ्या कार्डावर ३५ किलो लिहिलेलं आहे, २ रुपयांचा गहू, ३ रुपयांचा तांदूळ. किती मिळते, ते इथं हात वर करून सांगा म्हटलं तर कितीजण ३५ सांगाल? रोजगार हमीचा कायदा तर आपल्याच महाराष्ट्रानं आधी केला, १९७७ ला, दिल्लीनं तो नंतर घेतला. जॉब कार्ड आहे, काम मागितलं तर १५ दिवसांत काम, नाही तर बेकारी भत्ता. पण तोंडी मागू नका, लेखी मागा आणि पोच घ्या. आम्ही टोल्यावरून पहिल्यांदा लेखी मागितलं तेव्हा अर्ज घ्यायलाच कोणी तयार नव्हतं.

आणि जिथं नको तिथं पहा. मोहफूल वेचायचं तर बंधन. तेंदूपत्ता आपण तोडायचा, उन्हातान्हात पुडे बांधायचे, फळीवर नेऊन द्यायचे. भाव आणि लिलाव वरून ठरणार. कसत्या जमिनीत रोपवनाचे खड्डे खोदणार, आणि खड्डे खोदायला मजूर म्हणून आपल्यालाच बोलावणार. आपल्याच वावरात आपणच खड्डा खोदायचा, दिवसाच्या मजुरीवर! गावाची वन समिती करणार आणि तिचा सचिव वनपाल. घर आपलं, आणि चावी दुसऱ्याच्या कमरेला.

मग आपण मत तोलताना हेच तोलायचं. हा उमेदवार सरकारला कुठं आणणार आणि कुठून हटवणार?

गडचिरोली जिल्ह्यात धानोरा तालुक्यात मेंढा नावाचं गाव आहे, लेखा गावाजवळचं, म्हणून मेंढा-लेखा म्हणतात. गोंडांचंच गाव. त्यांची घोषणा तुम्ही ऐकली असेल: दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार. आता ऑगस्टमध्ये त्या गावाच्या सामूहिक वनहक्काला मंजुरी मिळाली. सुमारे १,८०० हेक्टर जंगल. देशात असा हक्क मिळालेल्या पहिल्या गावांतलं हे एक. तिथं कोणी एका रात्रीत काही केलं नाही. वीस-पंचवीस वर्षं ते लोक बसून, बोलून, अभ्यास गट करून, सगळ्यांचं एकमत होईपर्यंत थांबून काम करून राहिले.

आमचे पोट्टे त्या घोषणेचा मागचा अर्धा भाग फार जोरानं म्हणतात, आम्हीच सरकार, आम्हीच सरकार. पुढचा अर्धा विसरतात. दिल्ली-मुंबईतलं सरकारही आमचं आहे, असं मेंढावाले म्हणतात. परकं आहे असं नाही म्हणत. आपलं आहे म्हणून तर हिशेब मागायचा. गड्याला कामावर ठेवलं आणि तो काम करत नसेल तर आपण शेत सोडून पळतो का?

पण मेंढ्याचं सांगून झाल्यावर एक खरी गोष्ट सांगितलीच पाहिजे, नाही तर मीही जीपगाडीवाल्यांसारखी होईन. मेंढा अनुसूचित क्षेत्रात येते. तिथं १९९६ चा पेसा कायदा लागू आहे, ग्रामसभेला जास्तीचे अधिकार आहेत. वर्धा जिल्हा अनुसूचित क्षेत्रात नाही. वर्धा नदीच्या पलीकडं यवतमाळ जिल्ह्यात राळेगाव तालुक्यातली काही गावं आहेत. तोच गोंड, तोच कोलाम, तीच सोयरीक, लग्नाची वरात नदी ओलांडून जाते. पलीकडं पेसा आहे, अलीकडं नाही. म्हणून कोणी तुम्हाला सांगितलं की पेसाप्रमाणे करून देतो, तर विचारा, कोणत्या जिल्ह्यात? वनहक्क कायद्याला मात्र ही अट नाही. तो गडचिरोलीत जेवढा आहे तेवढाच गिरडला आहे. सामूहिक हक्काचा दावा आपणही टाकू शकतो, आणि निस्तार पत्रक त्याचा मोठा पुरावा आहे.

दुसरी खरी गोष्ट मतांची. महाराष्ट्रात विधानसभेच्या २८८ जागा, त्यातल्या २५ आदिवासींसाठी राखीव. आपल्या जिल्ह्यात चार जागा, आर्वी, देवळी, हिंगणघाट, वर्धा. चारांपैकी एकही राखीव नाही. आपण विखुरलेले आहोत, इथं वीस घरं, तिथं चाळीस. म्हणून उमेदवार आपल्याकडं शेवटच्या दोन दिवसांत येते, आणि एका माणसाला पकडून म्हणते, तुझ्या टोल्याचे किती मतं? टोलाच्या टोला ठोक भावात! आपण सगळ्या टोल्यांनी एकच कागद करून एकच प्रश्न विचारले, तर त्याला दोन दिवस आधी यावं लागेल. एवढी ताकद आहे, यापेक्षा जास्त आहे असं मी सांगत नाही.

इथं गोवारी भाऊ-बहिणी बसले आहेत. त्यांच्यासाठी थोडं थांबते. २३ नोव्हेंबर १९९४. नागपूरला अधिवेशन चालू होतं, गोवारी समाज मोर्चा घेऊन गेला, आम्हाला आदिवासीत धरा म्हणून. लाठी चालली, पळापळ झाली, ११४ माणसं चेंगरून मेली. त्यात बाया होत्या, कडेवरची लेकरं होती. मी तेव्हा शाळेत होते, आमच्या बाजूच्या गावात आठ दिवस चूल धड पेटली नाही ते आठवते. सरकार मोर्चाला भेटायला वेळेवर बाहेर आलं असतं तर हे झालं नसतं, असं आमच्याकडं सगळे म्हणतात आणि मलाही तेच वाटते. आज वनहक्काच्या कायद्यात गोवारी भाऊ 'इतर पारंपरिक वननिवासी' मध्ये येते. गोंडाला १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासूनचा कब्जा दाखवला की पुरते. त्याला तीन पिढ्यांचं, म्हणजे ७५ वर्षांचं राहणं दाखवावं लागते. दोघांची गुरं एकाच जंगलात चरतात, राखणारा तर बहुधा तोच आहे! आपल्यातले काही म्हणतात, त्यांचं ते पाहतील. नाही. सामूहिक दावा गावाचा असते, त्यात गोंड, कोलाम, गोवारी सगळं गाव येते. उमेदवाराला विचारायच्या प्रश्नांत त्यांचा प्रश्न नसेल तर तो कागद मी फाडून टाकीन.

आता बहिष्कार. मी विरोधात आहे, आणि घरातच भांडण आहे. माझं म्हणणं साधं आहे. आपण पेटी रिकामी पाठवली तर मुंबईत कोणी विचारणार नाही की गिरडकडच्या अमुक टोल्यानं मत काहून नाही टाकलं. ते म्हणतील, मतदान कमी झालं, पाऊस असेल, सोयाबीन असेल. आणि यादीत नाव असून मत न टाकलेल्याचं मत दुसरं कोणी टाकून जाते, हेही झालेलं आहे. अगदीच कोणी पटत नसेल तर नियम ४९-ओ आहे. केंद्रावर जायचं, नाव तपासायचं, आणि साहेबाला सांगायचं की मला मत द्यायचं नाही, तसं लिहा आणि माझी सही घ्या. फक्त ते गुपित राहत नाही, सगळ्यांसमोर होते, एवढं ध्यानात ठेवा. भाऊ म्हणते, तू सरकारची झाली. होईना का. मी मत टाकणार आणि दुसऱ्या दिवशी मोर्चालाही येणार.

आणि हो, दारू. आपला वर्धा जिल्हा गांधीबाबाचा जिल्हा, इथं दारूबंदी आहे. निवडणुकीच्या आठवड्यात ती बंदी कुठं जाते कोणास ठाऊक. बायांनो, त्या आठवड्यात टोल्याच्या रस्त्यावर रात्री आपण बसायचं, हे मागच्या बैठकीत ठरलं आहे, विसरू नका. साडी आणि नोटेबद्दल मी म्हणते घेऊ नका. माझी आई म्हणते, घ्यायचं आणि बटन आपल्या मनाचं दाबायचं. आईशी वाद घालून मी आजपर्यंत जिंकले नाही. पण तिलाही सांगितलं, ज्याची नोट घेतली त्याला पुढं पाच वर्षं प्रश्न विचारायला तुझी जीभ उचलणार का? ती गप्प बसली. मान्य केलं का, ते माहीत नाही.

कागदावर काय लिहिलं आहे ते वाचते, चूक असेल तर आत्ताच सांगा. नाकारलेल्या आणि पडून असलेल्या दाव्यांवर तुम्ही डिसेंबरच्या अधिवेशनात प्रश्न लावणार का, आणि त्याची प्रत आम्हाला देणार का? दाव्याची तपासणी पुरी होईपर्यंत कोणाला जमिनीवरून काढता येत नाही, कायद्याचं कलम ४(५) तसं सांगते. कोणी काढायला आलं तर तुम्ही जागेवर येणार का? दावा टाकलेल्या जमिनीत रोपवनाचे खड्डे नकोत, हे तुम्ही जाहीर सभेत बोलणार का? बंद खोलीत नाही, सभेत. टोल्यांच्या वेगळ्या ग्रामसभेबद्दल तुमचं काय म्हणणं आहे? कारण मोठ्या ग्रामपंचायतीच्या सभेत आपला आवाज बुडते, आणि दोन-तृतीयांश हजेरी काही केल्या भरत नाही. उपकेंद्रात नर्सबाई रात्री राहील, यासाठी काय करणार? गोवारी भावांच्या मागणीवर तुमची बाजू कोणती?

आणि समाजमंदिराबद्दल एकही प्रश्न मी लिहिला नाही. बांधायचं तर बांधा, आम्ही त्यात बसून दावे लिहू.

उमेदवार कोणत्याही पक्षाचा असो, प्रत्येकाला हाच कागद द्यायचा. उत्तर सही करून लेखी मागायचं. लेखी देत नाही त्याचं नाव बाजारात सांगायचं. उत्तरं आली की टोल्याटोल्यावर वाचून दाखवायची. त्यानंतर कोणाला मत टाकायचं ते ज्याचं त्यानं ठरवावं. संघटना नाव सांगणार नाही, मी पण नाही, आणि कोणी माझ्या नावानं सांगितलं तर ते खोटं समजा.

२ ऑक्टोबरला ग्रामसभा येते, शुक्रवारी. सोयाबीन कापणं असलं तरी घरटी दोघं आले पाहिजेत, त्यात एक बाई. मागच्या वेळी हजेरी भरली नाही म्हणून अकरा दावे तसेच राहिले. निस्तार पत्रकाची नक्कल पटवाऱ्याकडून काढायला सोमवारी तिघं जातील, दोघांची नावं आली आहेत, तिसरं नाव एका बाईचं पाहिजे. कोण येते ते सांगा. ज्यांच्याकडं दंडाच्या पावत्या आहेत त्यांनी त्या कोरड्या जागी ठेवा, उधई लागू देऊ नका. कोणालाही अस्सल देऊ नका, फक्त झेरॉक्स.

कागद इथं टेबलावर आहे, शाईचं पॅड आणलं आहे. सह्या आणि अंगठे आत्ताच घेऊ. पोट्ट्यांनो, आधी बुढ्यांना येऊ द्या, त्यांना उन्हात उभं ठेवू नका.

जय सेवा.